संध्याकाळचं दातवण

"हे केस नाहीत. सुरवंट आहेत," उस्ताद गेनशिची म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरला.

ओरिकु दारातच थांबली. पुढच्या कामाचे कोरे कागद घरी न्यायला ती फुकागावाहून पूल ओलांडून आली होती. ते बांधायचं फडकं घडी करून बगलेत होतं. छापखान्यात एरवी कागद ठशावर घासायच्या चार चकत्या एकाच वेळी फिरत असत आणि पाटावर तांदूळ घोटत असल्यासारखा आवाज सतत येत असे. आज एकही हात हलत नव्हता. आढ्याखालच्या दोऱ्यांवर दोनशे कागद टांगलेले होते आणि दोनशे कागदांवर एकच बाई होती. नुकतीच न्हालेली, कंगवा दातांत धरून केस पिळणारी. रंग अजून चढायचे होते. काळ्या रेघांचा पहिला ठसा तेवढा उमटला होता. तिच्या गालावर तीन सुटे केस चिकटले होते. ते तीन केस आणि कपाळावरची केसांची कड लाकडी ठशात कोरायला कोरक्याला अकरा दिवस लागले होते. आता प्रत्येक केसाला दोन्ही बाजूंनी बारीक लव फुटली होती.

कागदांखाली हिकोझो गुडघे टेकून बसला होता. सत्तावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, छपाईत बारा वर्षं काढलेला. त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर होते.

"किती पाणी मारलंस कागदाला?" गेनशिचींनी विचारलं.

"नेहमीइतकंच, उस्ताद."

"नेहमीइतकं मारलं असतंस तर नेहमीसारखं दिसलं असतं."

"काल संध्याकाळी गठ्ठा झाकून ठेवला तेव्हा रेघ स्वच्छ होती. तुम्हीच बघितली."

"म्हणून तर विचारतोय. रात्रीतून कागद काय नदीवर आंघोळीला गेला होता?"

"लग्न जवळ आलंय ना, उस्ताद," पलीकडच्या पाटावरून उसाबुरो नावाचा छापणारा म्हणाला. "ओंजळीच्या जागी बादली हातात आली असेल."

दोघंजण हसले. हिकोझोने मान वर केली नाही.

गेनशिचींना आता ओरिकु दिसली. "या वहिनी. आत या. तुमच्या कागदाचा यात प्रश्न नाही. मोसुकेच्या घरून आलेल्या कागदावर तीस वर्षांत कधी शाई पसरली नाही. मोसुकेची जीभ होती ती." मग ते परत हिकोझोकडे वळले. "परवा दुपारी दुकानाचे मुनीम येतील. दोनशे कागद गेले, त्यांना एक नाव द्यावं लागेल मला. तोवर तू ठशाला हात लावायचा नाही. आणि परवानंतरचं मी आज काही बोलत नाही."

परवानंतरचं काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. प्रकाशकाच्या मुनिमाने ज्याचं नाव टाकलं, त्याला नदीच्या या काठावर कुणी पाट देत नसे.

"यातला एक नेऊ का?" ओरिकुने विचारलं.

"न्या की. आता कागदी दारांची भोकं बुजवायलाच कामाचे आहेत."

तिने एक कागद काढला, गुंडाळला आणि कोरे कागद न घेताच निघाली. ते न्यायचे राहिले हे तिला पुलाच्या मध्यावर आठवलं.

ओरिकुचं काम असं होतं की ते नीट झालं तर कुणाला दिसत नसे. कोऱ्या कागदाला सरस आणि तुरटीची खळ द्यायची. रुंद ब्रशने, कडेपासून कडेपर्यंत, एकदाच. मग बांबूवर टांगून सावलीत वाळवायचं. खळ कमी पडली तर शाई पसरते, जास्त झाली तर कागद कडक होऊन रंग धरत नाही. तराजूवर मोजून भागत नाही, कारण तुरटीचा एक खडा दुसऱ्यासारखा नसतो, सरसाची एक कांडी दुसरीसारखी नसते, आणि हवा तर रोजच वेगळी. म्हणून खळ चाखायची असते. ब्रशचं टोक जिभेला लावायचं आणि सावकाश मोजायचं. आधी किंचित गोड लागतं. मग तुरटपणा येतो, जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्यासारख्या होतात. शरद ऋतूच्या कोरड्या हवेत हा ओढा बरोबर तीन मोजताना यायला हवा. दोनला आला तर तुरटी जास्त, चारला आला तर कमी.

ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. नवरा मोसुके जाऊन दोन वर्षं झाली होती. कागदाच्या गठ्ठ्यांवर अजून त्याचाच शिक्का पडत होता.

चाळीच्या तोंडाशी जिन्बेइचं टोफूचं दुकान होतं. त्याची मुलगी ओनुइ मोठ्या लाकडी टबातून टोफूचे ठोकळे तळहातावर उचलून घेत होती. ओरिकुला बघून ती हसली आणि लगेच ओला हात तोंडावर नेला. लग्न ठरलेल्या मुलीचे करतात तसे पाच दिवसांपूर्वीच तिचे दात काळे केले होते आणि त्यांची तिला अजून सवय नव्हती.

"मावशी, तिकडे सगळं ठीक ना?" तिने विचारलं.

तिकडे म्हणजे हिकोझो. नऊ दिवसांनी त्यांचं लग्न होतं.

"तिकडचं मी सांगतो," आतून जिन्बेइ म्हणाला. तो सोयाबीनच्या लगद्याचं फडकं पिळत होता. "मघाशी त्या छापखान्यातला एकजण टोफू घ्यायला आला होता. दोनशे कागद घालवलेत आमच्या जावईबापूंनी. परवा काढून टाकणार म्हणे."

"अजून काही ठरलेलं नाही," ओरिकु म्हणाली.

"ओरिकुबाई, तुम्ही शहाण्या आहात, तुम्हीच सांगा. काम गेलेल्या माणसाच्या घरात पोरगी कशी ढकलू? आणि नाही ढकलली, तर हिचे दात?" त्याने फडकं आणखी एक पीळ दिला. "दात काळे झालेली पोरगी पुन्हा दुकानात बसवू? गिऱ्हाईक विचारेल, नवरा कुठाय. काय सांगू, टबात बुडाला?"

"बाबा, गप्प बसा," ओनुइ म्हणाली. तोंडावरचा हात तिने काढला नव्हता.

ओनुइला आई नव्हती. मुलीचे दात पहिल्यांदा काळे करायचे तर एखाद्या जाणत्या बाईने तिला आपल्या घरचं दातवण द्यायचं असतं, आणि ती बाई मग जन्मभर तिची दातवणाची आई होते. जिन्बेइने ओरिकुला विचारलं होतं. विधवा आहे मी, असं ती म्हणाली होती. "पंचवीस वर्षं नांदलात ना, मग झालं," असं तो म्हणाला होता. मोसुके गेल्यावर तिने दात रंगवणं सोडून दिलं होतं. ते चहाच्या जुन्या किटलीसारखे डागाळले होते. पण दातवणाच्या आईचे स्वतःचे दात तसे असून कसं चालेल? म्हणून त्या दिवशी तिने पहाटे उठून आधी स्वतःचे दात रंगवले. गंजक्या खिळ्यांचं आंबलेलं पाणी कोमट केलं, पिसाच्या ब्रशने लावलं, वर मायफळाची पूड चोळली, पुन्हा पाणी, पुन्हा पूड, लाखेसारखे चकचकीत काळे होईपर्यंत. मग ओनुइला समोर बसवलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दातवणाच्या कडवट चवीचं, असं ती म्हणाली.

आणि तिथून उठून, हवा छान कोरडी आहे म्हणून, ओरिकु त्याच सकाळी दोनशे कागदांना खळ द्यायला बसली होती.

घरी येऊन तिने आणलेला कागद जमिनीवर पसरला. हिकोझोने पाणी जास्त मारलं असतं तर सगळे कागद सारखे बिघडले नसते. झाकलेल्या गठ्ठ्यात मधल्या कागदांची ओल टिकते, कडेचे आधी सुकतात. मग मधले जास्त बिघडायला हवेत. पण दोरीवरचे दोनशेच्या दोनशे एकाच मापाने बिघडले होते. दोनशे कागदांत सारखं असं एकच काहीतरी होतं.

तिने पेटी उघडली. प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद, कोपऱ्यात तारीख घालून, बाजूला ठेवायची या घरची पद्धत होती. तिने वरचे पाच काढले, ओळीने मांडले आणि प्रत्येकावर शाईचा एक थेंब सोडला. चार थेंब मण्यासारखे बसून राहिले. पाचवाही बसला. ती श्वास मोजत राहिली. चाळीस झाले, साठ झाले. ऐंशीच्या सुमाराला पाचव्या थेंबाच्या कडेला एक बारीक पाय फुटला. मग दुसरा.

पाचवा कागद पाच दिवसांपूर्वीचा होता.

ती उठली आणि तिने चूल पेटवली. त्या दिवशीचाच सरस, त्याच खड्याची तुरटी, तीच मापं. खळ कोमट झाल्यावर तिने ब्रशचं टोक जिभेला लावलं. एक, दोन, तीन. तीनला जिभेच्या कडा ओढल्या गेल्या. खळ बरोबर होती. पण त्या दिवशी ओढा एक मोजतानाच आला होता. तिला नीट आठवत होतं. तुरटीचा हा खडा भलताच जोराचा निघाला, असं म्हणून तिने दोन पळ्या पाणी वाढवलं होतं. त्या दोन पळ्यांनी दोनशे कागद खाल्ले होते.

खडा तोच. मग जीभ वेगळी का होती? चाखण्याआधी ती कधी काही खात नसे, चहासुद्धा नाही. त्या दिवशीही काही खाल्लं नव्हतं. तिची नजर फडताळावरच्या काळ्या तबकाकडे गेली. त्यात दातवणाचं भांडं होतं, ब्रश होता आणि मायफळाच्या पुडीची डबी.

तिने चिमूटभर पूड बोटावर घेतली, दातांना चोळली, थुंकली, चूळ भरली. आणि पुन्हा ब्रशचं टोक जिभेला लावलं.

एक.

तिने मिठाने जीभ घासली, वाट पाहिली, पुन्हा चाखलं. दोनच्या जवळपास. अंगणातली सावली विहिरीच्या कठड्यापर्यंत सरकेपर्यंत थांबून पुन्हा चाखलं, तेव्हा कुठे तीन आलं. मायफळ तुरट, तुरटी तुरट. आधीच आखडलेल्या जिभेला थोडीशी तुरटीही पुष्कळ वाटते. इतकं साधं होतं ते.

आता मात्र तिला एक प्रश्न पडला, आणि तो पडला तशी ती हातातला ब्रश खाली ठेवायचं विसरली. जन्मभर दात रंगवले, जन्मभर खळ चाखली, मग ही चूक आधी कधीच कशी झाली नाही?

कारण ती संध्याकाळी दात रंगवायची. सगळ्या बायका पहाटे, नवरा उठायच्या आत हे उरकतात. तिला मोसुकेने संध्याकाळची सवय लावली होती. "सकाळी नको लावत जाऊस ते," तो म्हणायचा, "त्या वासाने माझा भात गिळवत नाही." विहिरीवर बायका तिला छळायच्या. "मोसुकेरावांचं नाक म्हणजे राजाचं नाक. आमच्या नवऱ्यांना गटार तुंबलं तरी कळत नाही," असं म्हणायच्या. तिला राग यायचा. थंडीत, दिवसभर गार पाण्यात हात घालून झाल्यावर, संध्याकाळी पुन्हा ते भांडं तापवत बसायचं, एका माणसाच्या नाकापायी.

पण मोसुकेला नाक नव्हतंच.

हे ओरिकुखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव परत आली नाही. एका सकाळी खळीच्या भांड्यापाशी बसून तो म्हणाला, "जरा बघ गं, माझं नाक बंद आहे." तिने चाखलं. ते नाक पुढे बावीस वर्षं उघडलं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. कुणी समोर असलं की तोच ब्रश जिभेला लावायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. त्याआधी ओरिकु चाखून, खळ बरोबर असेल तर भांड्याचं झाकण उताणं ठेवायची आणि नसेल तर पालथं. मोसुकेची जीभ म्हणून लोक जिचं नाव काढत, ती अशी झाकणावर चालत होती. आंबलेलं सूप तो गपागपा प्यायचा. गटार तुंबलं की तिलाच त्याला सांगावं लागायचं.

आणि अशा माणसाला सकाळच्या दातवणाचा वास सहन होत नव्हता.

ओरिकु तशीच बसून राहिली. त्याला माहीत होतं. कसं कळलं कोण जाणे. त्या पहिल्या दिवसांत एखादा गठ्ठा बिघडला असेल, त्याने एकट्याने शोधून काढलं असेल, जसं तिने आज काढलं. मग सरळ सांगितलं का नाही? सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं, तुझ्या जिभेवर हे घर चालतंय. ते त्याच्या तोंडून निघालं नसतं. म्हणून त्याने नाकावर ढकललं. आणि बावीस वर्षं रोज तिची जीभ सकाळसाठी राखून ठेवली.

"मेल्या," ती भिंतीवरच्या त्याच्या स्मृतिपाटीकडे बघून म्हणाली. "एकदा तरी बोलायचंस."

दुसऱ्या दिवशी ओनुइ आली. तिचे डोळे सुजले होते. ओरिकुने तिला सगळं सांगितलं, खळीचं आणि पुडीचं. झाकणाचं सांगितलं नाही.

"म्हणजे माझ्या दातांमुळे झालं," ओनुइ म्हणाली.

"माझ्या दातांमुळे. तुझ्या दातांनी काय केलं?"

"मावशी, तुम्ही हे तिथे सांगणार?"

"मग काय करू? त्याला उभा जाळू देऊ?"

"पण मग तुमचं काम?"

ओरिकुने पोरीची हनुवटी वर केली आणि दात बघितले. डाव्या बाजूला पूड नीट बसली नव्हती. "उद्या पुन्हा लाव. आणि तोंड झाकून हसणं बंद कर आता. काळे झालेत, पडले नाहीत."

मुनीम सेइबेइ ठरल्या वेळेला आले. बारीक अंगाचा, स्वच्छ पायमोज्यांचा माणूस. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. बिघडलेले कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले होते. हिकोझो परवाच्याच जागी बसला होता.

"बोला," मुनीम म्हणाले. "मालकांना काय सांगू?"

गेनशिची तोंड उघडणार इतक्यात ओरिकु पुढे सरकली आणि तिने जमिनीवर हात टेकले. "कागद माझा होता. खळ कमी पडली. पाण्याचा दोष नाही." मग तिने पाच कागद एकाखाली एक मांडले, शाईच्या थेंबांसकट, आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं. पहाटेचं दातवण, एकला आलेला ओढा, दोन पळ्या पाणी. तिचा आवाज एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसा होता.

हिकोझो तिच्याकडे बघत राहिला. उसाबुरो कुजबुजला, "बघा, मी म्हणालो होतो की नाही, लग्नामुळेच झालं." पण या वेळी कुणी हसलं नाही.

मुनिमांनी पाचवा कागद उचलून थेंबाकडे निरखून पाहिलं. "बाई, खरं सांगितलंत हे चांगलं केलंत," ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "पण मोसुके गेल्यावरच मी मालकांना म्हणालो होतो. शिक्का त्याचा आहे, जीभ त्याची नाही. तीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नाही, आणि दोन वर्षांत..." त्यांनी पेला खाली ठेवला. "दातवण लावणाऱ्या बाईच्या चवीवर दुकान विसंबून नाही राहू शकत. आसाकुसाला एक माणूस आहे."

गेनशिची मुनिमांकडे बघत नव्हते. ते ओरिकुकडे बघत होते.

"मुनीमजी, एक मिनिट," ते म्हणाले. "वहिनी, एक जुनी गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मोसुके माझ्याकडे बसला होता. मी त्याला सुरईतून दारू ओतून दिली. तो प्यायला, वा म्हणाला, अजून एक पेला मागितला. तो गेल्यावर मी चाखली. शिर्का होता तो. पोरांनी सुरई बदलली होती. तेव्हापासून मी एक गोष्ट मनात ठेवून आहे. म्हणून विचारतो. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

दार उघडं होतं. त्यातून बाहेर यायला एक वाक्य पुरलं असतं. बावीस वर्षं ती जीभ माझी होती. मुनिमांचा चेहरा कसा होईल, ते तिला दिसलं. काम राहील, कदाचित शिक्कासुद्धा तिच्या नावाचा होईल. आणि उद्यापासून या पाटांवर, कोरक्यांच्या ओसरीत, रंगवाल्यांच्या दुकानात लोक हसत सांगतील, मोसुके ब्रश तोंडात घालून डोळे मिटायचा, आठवतं का, काय सोंग होतं. उसाबुरो तर डोळे मिटून करूनही दाखवेल. ती हसणारी तोंडं तिला एकेक दिसली. आणि त्यांच्या मागे, चुलीपाशी पाठ करून बसलेला, भात गिळवत नाही म्हणून कुरकुरणारा तो.

"हे असते," ती म्हणाली, "तर असं झालं नसतं."

हे खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"आणखी काही?" गेनशिचींनी विचारलं.

"नाही."

गेनशिची हिकोझोकडे वळले. मग म्हणाले, "हिकोझो, उठ. पाट धुऊन घे."

लग्न ठरल्या दिवशी झालं. जिन्बेइने इतका टोफू केला की चाळीतले लोक पुढे तीन दिवस खात होते. ओरिकु दातवणाच्या आईच्या जागी बसली. ओनुइ एकदाच हसली, तोंड न झाकता, आणि मग लगेच रडली. त्यानंतर ओरिकुने पंख्यांच्या कागदांचं थोडं काम धरलं, त्याला खळ लागत नाही, आणि सकाळी जिन्बेइकडे सोयाबीन दळायला जाऊ लागली. तो म्हणायचा, "ओरिकुबाई, एवढं चाखून काय बघता, टोफूच आहे तो." तरी ती चाखायची.

दहाव्या महिन्याच्या शेवटी हिकोझो एका दुपारी आला. बगलेतून त्याने एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. न्हालेली बाई पूर्ण झाली होती. अंगावर फिकट निळं सुती वस्त्र, मागे बांबूचा पडदा, दातांत पिवळसर कंगवा. कोपऱ्यात चित्रकाराची सही, दुकानाची खूण, तपासनिसाचा शिक्का.

ओरिकुने तो उजेडासमोर धरला. मग उलटा केला आणि मागून पाहिला. मग बोटाने कड चाचपली. सगळ्यात शेवटी तिने चेहरा बघितला. गालावरचे तीन केस स्वच्छ होते, जणू आत्ता बोटाने बाजूला करता येतील. बाकी चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चेहऱ्याला कधी रंग लावत नाहीत. कपडे, पडदा, केस सगळ्यांवर ठसा पडतो, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कागद राहतो, खळ देणाऱ्याने टांगला होता तसा.

"तुमच्या हातची सर नाही, मावशी," हिकोझो म्हणाला. "हा कागद जरा ताठर लागतो."

"खोटं बोलू नकोस. छापणाऱ्याने कागदाबद्दल खोटं बोलू नये." तिने पुन्हा एकदा कड चाचपली. "चांगली खळ आहे. आसाकुसाच्या माणसाला काम येतं."

निघताना हिकोझोची नजर तिच्या दारावर गेली. दाराच्या पातळ कागदाला पडलेल्या भोकावर तो बिघडलेला ठसा चिकटवलेला होता. मागून ऊन येत होतं, आणि लव फुटलेल्या केसांची बाई दारात उजळली होती.

"ते फाडून टाका ना," तो म्हणाला. "मी दुसरा आणून देतो."

"असू दे. वारा अडवते ती."

तो गेल्यावर तिने चित्र पेटीत ठेवलं, तारखा घातलेल्या कागदांवर. काळं तबक फडताळावरून काढलं. बाहेर विहिरीवर बायकांचा गलबला चालू होता, ऊन अजून दारावरून उतरलं नव्हतं. उद्या सकाळी चाखायला टोफूखेरीज काही नव्हतं. दातवण आत्ता लावलं काय, पहाटे लावलं काय, कुणाचंही काही बिघडलं नसतं.

तिने भांडं चुलीपाशी ठेवलं, डबीचं झाकण उताणं केलं, आणि संध्याकाळ व्हायची वाट बघत बसली.